दिसणं कुणाचं?

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातलं येना जगाला माहीत आहे ते भिंगांमुळे. 1846 मध्ये कार्ल झाइसने इथे कार्यशाळा काढली, एर्न्स्ट आबेने सूक्ष्मदर्शकाला गणिताचा पाया दिला आणि ओटो शॉटने त्यांना हवी तशी काच करून दिली. 1873 मध्ये आबेने हेही सांगून टाकलं की सूक्ष्मदर्शक कितीही उत्तम असो, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक तपशील त्याला वेगळा दिसणारच नाही. ते सूत्र गावात दगडावर कोरलेलं आहे. पाहणाऱ्याच्या मर्यादेचं असं स्मारक उभारणारं गाव मला मनापासून आवडतं.

शब्दांच्या नादी लागलेल्यांचं येना मात्र वेगळं. आउगुस्ट श्लायखर 1857 पासून इथे शिकवत होते. भाषांचा वंशवृक्ष काढायची रीत रुजवली ती त्यांनी. संस्कृत, ग्रीक, जर्मन यांची मूळ भाषा कशी असेल याचा अंदाज बांधून त्यांनी 1868 मध्ये त्या भाषेत एक छोटी गोष्टही लिहिली. तिची नायिका म्हणजे अंगावर लोकर नसलेली मेंढी! त्याच वर्षी ते गेले, आणि त्याच वर्षी ओटो ब्योटलिंक येनाला राहायला आले. रुडोल्फ रोट यांच्यासोबत सात खंडांचा पीटर्सबर्ग संस्कृत कोश करणारे ते हेच. सहावा खंड 1871 मध्ये आणि सातवा 1875 मध्ये पुरा झाला, तेव्हा त्यांचा मुक्काम इथे होता. वर्णानुक्रमाची गंमत अशी की रूप, लावण्य, वर्ण, विरूप, श्याम, सुंदर आणि स्वीकार हे सगळे शब्द या दोन खंडांतच येतात. पुढे फ्रीडरिश क्लूगे आले. त्यांचा जर्मन व्युत्पत्तिकोश 1883 मध्ये निघाला आणि दुसऱ्याच वर्षी ते येनात प्राध्यापक झाले. बाईच्या दिसण्यावर बोलायला मराठीला आणि जर्मनला लागणारे शब्द उलटेपालटे करून पाहायला याहून सोयीचं गाव कुठलं?

आपल्याकडे तर या शब्दांना तोटाच नाही. गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी, ‘रंगाने जरा डावी’. नाकीडोळी नीटस. सुबक ठेंगणी, चवळीची शेंग, अंगाने थोराड. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात, पण नकट्याच्या लग्नात एकही आल्याचं कुठल्या म्हणीत नाही. हा शब्दसाठा एका जागी मांडला की एक गोष्ट लक्षात येते. यातला एकही शब्द त्या बाईने स्वतःसाठी शोधलेला नाही. सगळे समोर बसलेल्याचे, हातात पोह्यांची बशी असलेल्याचे आहेत.

‘देखणी’ घ्या. देखणं म्हणजे पाहणं. देखणी म्हणजे पाहावी अशी. जर्मनमधला ‘श्योन’, म्हणजे सुंदर, हा शब्द नेमका याच घडणीचा आहे. तो ‘शाउएन’ या पाहण्याच्या क्रियापदाच्या कुळातला, आणि जुना अर्थ ‘दर्शनीय’ असाच. दोन भाषा हजारो मैल लांब, एकमेकींना न विचारता एकाच जागी पोचल्या. त्याहून मजा पुढे आहे. शाउएनचं मूळ जिथे जातं तिथेच आपला ‘कवि’ही जातो. कवि म्हणजे मुळात यमकं जुळवणारा नव्हे. ज्याला दिसतं तो, द्रष्टा. एकाच धातूतून भारतात पाहणाऱ्याचं नाव निघालं आणि जर्मनीत जिच्याकडे पाहायचं तिचं विशेषण. वाटणी कशी झाली ते बघा.

‘ह्यूब्श’ हा दुसरा जर्मन शब्द, आपल्या ‘छान दिसते’च्या जवळचा. तो ‘होफ’ म्हणजे राजदरबार यावरून आला. ह्यूब्श म्हणजे दरबारी रीतीची. आपल्या ‘नागर’ शब्दाचाही प्रवास असाच आहे. नगरातला तो नागर, म्हणून सुंदर. खेड्यातली, शेतावरची, उन्हात रापलेली व्याख्येतच बाहेर. इथे चेहऱ्याआधी पत्ता तपासला जातो.

नावडत्या रूपाचे शब्द तर पाहणाऱ्याच्या पोटातलं उघड करतात. जर्मनमध्ये कुरूपला ‘हेस्लिश’ म्हणतात. त्यात ‘हास’ आहे, म्हणजे द्वेष. हेस्लिश म्हणजे आधी ‘द्वेष वाटावा असा’, मग ‘दिसायला वाईट’. इंग्रजीतला ‘अग्ली’ जुन्या नॉर्स भाषेतल्या भीतीच्या शब्दावरून आलेला. आपला ‘ओंगळ’ अमंगळचा वंशज. द्वेष, भीती, अपशकुन: तिन्ही पाहणाऱ्याच्या मनात घडतात आणि चिकटतात मात्र समोरच्या चेहऱ्याला. या रांगेत ‘कुरूप’ बिचारा सगळ्यांत सभ्य शब्द. रूप बरं नाही, एवढंच म्हणतो आणि थांबतो.

रूपाची आणखी एक मजा व्याकरणात आहे. शाळेत आपण रूपं चालवायचो. नामाला विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी जे रूप होतं ते मराठीत ‘सामान्यरूप’. घोडा हा ‘घोड्या’ झाल्याशिवाय घोड्याला, घोड्याने होत नाही. म्हणजे मराठी नामाला वाक्यात कामाला लागायचं तर आधी सामान्यरूप घ्यावं लागतं. वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म भरताना या संज्ञेची मला फार आठवण येते.

आणि ‘सुंदर’? या शब्दाची व्युत्पत्ती कोशकारांना नेहमीच छळते. वेदात ‘सूनर’ असा आनंदी, रमणीय या अर्थाचा शब्द आहे. त्याच्या ‘न’ आणि ‘र’ यांच्यामध्ये बोलता बोलता एक ‘द’ शिरला आणि सुंदर झाला, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तसाच एक आगंतुक ‘द’ मराठीतही दिसतो. संस्कृतात ‘विरूप’, आपण म्हणतो ‘विद्रूप’. हा ‘द’ बहुधा चिद्रूप, तद्रूप अशा भारदस्त शब्दांच्या संगतीने आला असावा, असा माझा तर्क. सुंदर आणि विद्रूप यांना जोडणारी गोष्ट कुठली, तर मुळात नसताना मध्येच घुसलेलं एक व्यंजन. सौंदर्यशास्त्राच्या जाड ग्रंथांपेक्षा मला ही माहिती जास्त दिलासा देते.

‘लावण्य’ मात्र मला बाकीच्यांहून जवळचं वाटतं. लवण म्हणजे मीठ, लावण्य म्हणजे खारटपणा. फार्सी-उर्दूतही ‘मलाहत’ म्हणजे लावण्य, आणि त्याच्याही मुळाशी अरबी मीठच. मिठाला रंग, बांधा, नाक यांच्याशी कर्तव्य नसतं. चाखल्याशिवाय ते कळत नाही, आणि दुरून पाहणाऱ्याला तर मुळीच नाही.

रंगाकडे येऊ, कारण मराठी घरात चर्चा शेवटी तिथेच येते. ‘गोरी’ हा ‘गौर’पासून. वेदकाळी गौर म्हणजे पिवळसर, तांबूस, फिकट अशा सगळ्या छटा आणि शिवाय एक रानबैल. इंग्रजीत आपल्या गव्याला आजही गौरच म्हणतात. सह्याद्रीत संध्याकाळी रस्त्यावर आडवा येणारा तो काळाकभिन्न पहाड आणि जाहिरातीतली गोरी एकाच नावाचे. दुसरी गोष्ट मत्स्यपुराणातली. शंकराने थट्टेत पार्वतीच्या काळेपणावरून टोमणा मारला. ती रागावून निघून गेली, तप केलं, काळी कात टाकली आणि सोनेरी होऊन परतली. म्हणून ती गौरी. भाद्रपदात आपण जिला माहेरवाशीण म्हणून घरी आणतो, तिच्या नावामागे नवऱ्याने रंगावरून काढलेलं वर्म आहे. कथेत ती टोमणा मारणाऱ्याला तप करायला लावत नाही, याचं मला लहानपणापासून वाईट वाटतं. द्रौपदीने बरं केलं. ती कृष्णा, म्हणजे काळी. तेच नाव घेऊन जन्मली आणि महाभारतभर तेच चालवलं. विठोबाचा सावळेपणा तर आपण डोक्यावर घेऊन नाचतो. त्याच्या त्या रूपाला वारकरी ‘ध्यान’ म्हणतात. हाच शब्द वेंधळ्या वेशातल्या माणसाबद्दल ‘काय ध्यान आहे!’ असाही निघतो. देवाचं रूप आणि टवाळी यांत फक्त सुराचा फरक.

‘वर्ण’ म्हणजे रंग, अक्षर आणि जातव्यवस्थेतला तो वर्णही. ‘वर्णन’ याच धातूतलं, जणू रंगवून दाखवणं. तेव्हा मुलीचं वर्णन करायला बसलं की पहिला रंग निघतो यात नवल ते काय! युरोपने हेच काम मोजपट्टीने केलं. इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनाला गेल्या. कवटीची डावी-उजवी बाजू किती असमान असते याचा संबंध वंशाशी जोडता येतो का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध सापडत नाही असं गुरूच्या गृहीतकाविरुद्ध लिहिलं. असमानता सगळ्यांच्यात असते आणि ती स्वाभाविक असते. आरशात एक भुवई दुसरीपेक्षा वर दिसली म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर ध्यानात ठेवावा. येनाला या विषयाचं ओझं जरा जास्त आहे, कारण माणसांची उतरंड लावणारे एर्न्स्ट हेकेल इथलेच प्राध्यापक. 2019 मध्ये जर्मन प्राणिशास्त्र संस्थेचं संमेलन येनात भरलं तेव्हा तिथे एक जाहीरनामा निघाला: मानवी ‘वंश’ या कल्पनेला जीवशास्त्रात आधार नाही, आणि वंशवादातून ती कल्पना जन्मली, कल्पनेतून वंशवाद नव्हे.

आता जरा मागे, 1799 च्या ऑक्टोबरात. येनात लॉयट्रा गल्लीतल्या घरात आउगुस्ट विल्हेल्म श्लेगल आणि त्यांची बायको कारोलिने राहत होती. धाकटा भाऊ फ्रीडरिशही तिथेच. जर्मन रोमँटिक साहित्याचा संसार याच घरात चालला होता. (याच दोघा भावांनी पुढे जर्मनीत संस्कृतचा पाया घातला. धाकट्याने 1808 मध्ये भारतीयांच्या भाषेवर आणि ज्ञानावर पुस्तक लिहिलं. थोरला 1818 पासून बॉनमध्ये होता आणि 1823 मध्ये त्याने गीता लॅटिन भाषांतरासह छापली.) त्या ऑक्टोबरात घरात आली डोरोथेआ फाइट. तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोनची मुलगी. बँकर नवऱ्यापासून घटस्फोट घेतलेली, फ्रीडरिशपेक्षा वयाने सात-आठ वर्षांनी मोठी आणि लग्नाशिवाय त्याच्यासोबत राहणारी. ती आल्यावर कारोलिनेने आपल्या मुलीला पत्र लिहिलं. त्यात नव्या जावेचं रूप नोंदवलं आहे: वळण यहुदी, डोळे मोठे नि जळते, पण सुंदर काही वाटत नाही, चेहऱ्याचा खालचा भाग जड, आपल्यापेक्षा जरा रुंदच, आवाज तेवढा मऊ.

हे पत्र वाचलं आणि मला थेट सदाशिव पेठ आठवली. कारोलिने काही साधी बाई नव्हती. शेक्सपिअरच्या भाषांतरात तिचा मोठा हात होता, तीन लग्नं तिने केली, आणि कवी शिलरने तिला ‘बाई ल्युसिफर’ म्हणून हिणवलं होतं. इतक्या शेऱ्यांची धनी झालेली बाई दुसरीचं वर्णन करताना पोह्यांच्या बशीमागचेच शब्द वापरते. पाहणाऱ्याची जागा रिकामी असली की तिथे कुणीही बसतं. डोरोथेआ त्या घरात लिहीत राहिली. ‘फ्लोरेंटिन’ ही तिची कादंबरी 1801 मध्ये निघाली. तिच्यावर लेखिकेचं नाव नव्हतं, संपादक म्हणून फ्रीडरिशचं होतं. चेहऱ्याची नोंद नावानिशी झाली, पुस्तक निनावी गेलं.

येनातल्याच शिलरने 1793 मध्ये आनमूट म्हणजे लालित्य आणि प्रतिष्ठा यांवर निबंध लिहिला. जन्माने मिळालेलं सौंदर्य वेगळं आणि हालचालीतून, मनातून येणारं लालित्य वेगळं, असं तो म्हणतो. हे पटतं. मग आनमूट बायकांकडे आणि प्रतिष्ठा पुरुषांकडे अधिक, अशी वाटणी करून मोकळा होतो. हे पटत नाही. आपला ‘डौल’ हा शब्द त्या आनमूटच्या जवळचा आहे आणि त्याला ही वाटणी ठाऊक नाही. डौल बैलाला असतो, गलबताला असतो, डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या सत्तरीच्या आजीला असतो.

आरशाची गोष्ट सांगायलाच हवी. ‘आरसा’ आला ‘आदर्श’पासून. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा, ज्यात दिसतं ते. तोच शब्द दुसऱ्या वाटेने जशाच्या तसा मराठीत आला आणि अनुकरण करावं असा नमुना झाला. एक घासून गुळगुळीत झालेला, दुसरा सोवळ्यातला, पण एकाच घरचे. बाई आरशासमोर उभी राहते तेव्हा दोन्ही आदर्श तिथे हजर असतात. एक तिला दाखवतो आणि दुसरा त्यावर शेरा मारतो.

‘गालबोट’ याहून गमतीचं. काजळाचं बोट गालावर टेकवायचं, म्हणजे मुद्दाम एक व्यंग काढून ठेवायचं, कारण निर्दोष चेहऱ्याला दृष्ट लागते. व्यंग इथे चिलखत होतं. आता वर्तमानपत्रात ‘विसर्जन मिरवणुकीला गालबोट’ वाचतो तेव्हा अर्थ पार उलटलेला असतो. गालबोट हाच डाग, गालबोट हाच अपशकुन. जर्मनमध्ये किरकोळ उणिवेला ‘सौंदर्यातली चूक’ अशा अर्थाचा जोडशब्द आहे, करारापासून फुटबॉलच्या सामन्यापर्यंत कशालाही वापरतात. पण चूक मुद्दाम लावण्याची युक्ती त्यात नाही.

येनातल्या मराठी मुली रविवारी घरी फोन लावतात. पडद्यावर चेहरा उमटतो न उमटतो तोच पलीकडून निकाल येतो: ‘वाळलीस गं!’ किंवा ‘सुटलीस की!’ वाळणं पानांचं, पापडांचं, त्यामुळे त्यात काळजी तरी आहे. सुटणं मात्र विलक्षण शब्द. शाळा सुटते, गाठ सुटते, तुरुंगातून माणूस सुटतो, आणि बाई जाड झाली की तीही सुटते. कशातून, ते कुणी सांगत नाही. एकदा एका मुलीने फोनवर आत्याला शांतपणे उत्तर दिलं, ‘हो, सुटले एकदाची.’ आत्याला ते लागलंच नाही म्हणे.

पण या सगळ्याचं मूळ ज्या क्रियापदात आहे ते अजून राहिलंच. ‘दिसणे’. हे संस्कृत ‘दृश्यते’चं प्राकृतातून आलेलं रूप. दृश्यते हा कर्मणी प्रयोग आहे: ‘पाहिलं जातं’. मराठीत ‘ती छान दिसते’ या वाक्यात ती कर्ता वाटते, तरी रक्ताने ती कर्मच आहे. पाहणारा वाक्यातून नाहीसा झाला, पण हक्क सोडून गेला नाही. जर्मन मात्र याच अर्थाने ‘आउसझेहन’ म्हणते. झेहन म्हणजे पाहणं, आउस म्हणजे बाहेर. ‘ती छान बाहेर पाहते’, असं काहीतरी. या शब्दाचा मूळ अर्थ खरोखरच बाहेर नजर टाकणं होता, ‘दिसणं’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. जर्मन बायकांना याने काही न्याय मिळाला, असा माझा दावा नाही. शब्दाच्या पोटात काय आहे याकडे बोलणारा रोज बघत नसतो. तरी हा झेहन ज्या मुळाशी जोडतात तिथे आपला ‘सच्’ हा धातू आहे, सोबत असणं, मागे चालणं या अर्थाचा. सचिव त्यातलाच. पाहणं म्हणजे डोळ्यांनी सोबत करणं. मराठी ‘बघ्या’ला हे कळवायला हवं.

म्हणूनच ‘प्रत्येक स्त्री सुंदर असते’ हे हल्लीचं घोषवाक्य मला अर्धवट वाटतं. सगळ्यांना पास करून टाकलं तरी परीक्षा चालूच राहते, आणि परीक्षकही खुर्चीत असतोच. सुंदर म्हणवून न घेताही बाईला आपल्या चेहऱ्यात नांदता यावं, यासाठी दुसरा शब्द लागतो. ‘स्वीकार’ आहे. वैयाकरण त्याला च्वि प्रत्ययाचं उदाहरण म्हणतात. जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं, हा त्या प्रत्ययाचा अर्थ. स्वीकार म्हणजे जे आपलं नव्हतं ते आपलं करणं. मग ‘आत्मस्वीकार’मध्ये एक चमत्कारिक कबुली दडलेली आहे: मी आजवर माझी नव्हते. चेहरा माझा, पण नावावर दुसऱ्याच्या चढवलेला. तो सातबारा आता बदलून घ्यायचा आहे.

हे घडतं कसं, यासाठी भारदस्त शब्दाऐवजी एक साधं क्रियापद पुरेल. आपण म्हणतो, मुलगी ‘पसंत पडली’. पसंत फार्सी, पडणं आपलं. जर्मनमध्ये आवडण्याला ‘गेफालन’ म्हणतात आणि त्यातही पडणंच आहे, फासा किंवा चिठ्ठी वाट्याला पडते तसं. कपड्यांच्या दुकानात नवा झगा घालून आरशासमोर वळून पाहणारी कुठलीही जर्मन बाई सहज म्हणू शकते, ‘इश गेफाले मिर’. तिला मैत्रिणीने विचारलेलं नसतं, विक्रेतीनेही नसतं. शब्दशः मराठीत आणलं तर ‘मी मला पसंत पडते’. कर्ता मी, संप्रदानही मी. व्याकरणाच्या कुठल्याही नियमात न बसण्यासारखं त्यात काही नाही. मराठीत ते अजून कानाला खटकतं एवढंच, आणि म्हणून पाहिल्याशिवाय ते खटकायचं थांबणार नाही.